पैनगंगेवरचा कागद

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन आहे. उत्तरेला वणीच्या कोळसाखाणी, पायाखाली चुनखडी, दक्षिणेला पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. या पट्ट्यात मराठी आहे, तेलुगू आहे, गोंडी आहे आणि कोलामीही आहे. शेजाऱ्यांमधले वैर कुठून येते, हे इथून तपासता येते. रशिया आणि युक्रेन यांच्यातल्या वैराची चर्चा मराठीत निघाली की बहुधा एकाच शब्दावर येऊन थांबते: भाऊबंदकी. मूळ एक, धर्म एक, भाषा सख्ख्या बहिणी, आणि म्हणूनच बांधावरून डोकी फुटली, असा तो अर्थ. दुसरा पक्ष नेमके उलटे सांगतो: भाषा वेगळ्या, राष्ट्रे वेगळी, म्हणून भांडण अटळ. दोन्ही उत्तरे माणसाच्या रक्तात किंवा जिभेवर भांडणाचे मूळ शोधतात. पैनगंगेच्या दोन तीरांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर वेगळे दिसते. शेजाऱ्यांमधला ताण भाषेच्या अंतरातून किंवा जवळिकीतून क्वचितच जन्मतो. सीमा ओलांडून पोटामागे जाणाऱ्या माणसाला पलीकडे कोणता कागद मिळतो, आणि त्या कागदाने जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते, यातून तो जन्मतो. पट्टा, सातबारा, जातीचा दाखला, शिधापत्रिका, पासपोर्ट ही त्या एकाच गोष्टीची वेगवेगळी नावे आहेत.

मुळात ही नदी सीमा कधी झाली, तेच पाहावे. अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती. दोघेही वसुली करत. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाकडे आला. म्हणजे त्यानंतर अर्धशतकभर पैनगंगेचे दोन्ही काठ एकाच दरबाराचे होते. सीमा आली ती कर्जातून. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी निजामाच्या डोक्यावर साचली आणि मे १८५३ च्या तहाने कंपनीने त्यापोटी वऱ्हाड आपल्या कारभाराखाली घेतले. वणीचा मुलूख इंग्रजी अमलात गेला, आदिलाबादचा निजामाकडे राहिला आणि पैनगंगा दोन कारभारांमधली रेघ झाली. भाषेचा, जातीचा, रोटी-बेटीचा विचार त्यात कुठेच नव्हता. पुढे १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपये देऊन हा प्रदेश कायमच्या पट्ट्याने घेतला, तेव्हा ती रेघ आणखी जाड झाली. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव वणीवरून होते, ते मग यवतमाळ झाले. एका सावकारी व्यवहाराने आखलेली हद्द पुढच्या पिढ्यांना अनादी वाटू लागली, हे या सीमेचे पहिले वैशिष्ट्य. जगातल्या अनेक सीमांचेही ते वैशिष्ट्य आहे.

रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसे मात्र आधीसारखीच मिसळत राहिली. पूर्व विदर्भात ‘वार’ने संपणारी आडनावे पावलोपावली भेटतात. तेलुगूत नावापुढे आदराने लागणारा ‘वारु’ त्यांच्यात मुरला आहे. मुनगंटीवार, वडेट्टीवार ही आडनावे ऐकून महाराष्ट्रात कोणालाही परके वाटत नाही, इतकी ती मराठी झाली आहेत. तेलंगणातून आलेल्या कामाठ्यांनी मुंबईच्या कामाठीपुऱ्याला नाव दिले, पद्मशाली विणकरांनी सोलापूर आणि भिवंडीचे माग चालवले. कोलामांची वस्ती यवतमाळकडे ‘पोड’ म्हणवते, राजुरा-आदिलाबादकडे गावाच्या नावाला ‘गुडा’ लागतो, पण कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा दोन्हीकडची आहे आणि तिच्यात मराठीही मिसळली आहे, तेलुगूही. जवळिकीने वैर यायचे असते, किंवा वेगळेपणाने यायचे असते, तर ते इथे कधीच पेटायला हवे होते.

ताण आला तो जमिनीच्या पट्ट्यांवरून, आणि मराठी वाचकाला इथे जरा अस्वस्थ करणारी गोष्ट समोर येते. सीमाप्रश्न म्हटला की आपल्या मनात बेळगाव उभे राहते आणि आपण आपोआप अन्याय सोसणाऱ्याच्या जागी बसतो. आदिलाबादच्या जंगलात चित्र उलटे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वऱ्हाड आणि मराठवाड्याकडून मराठी शेतकरी तिकडे सरकले. काळी जमीन स्वस्त होती, रस्ते नवे होते, आणि पाटील-पटवाऱ्यांची लेखणी कोणाच्या बाजूने चालते हे येणाऱ्याला ठाऊक होते. गोंड आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत होते, पण त्यांच्याजवळ लिहिलेले काही नव्हते. ज्याने पट्टा करून घेतला त्याची जमीन झाली. उरलेली कसर राखीव जंगलाच्या हद्दींनी काढली. १९४० मध्ये जोडेघाटला गोंड नेता कुमराम भीम पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला, त्यामागे हीच घुसमट होती. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांना कारणे शोधायला लावली. त्यांच्या अहवालांत जंगल खात्याची सक्ती आणि बाहेरून आलेल्या शेतकरी-सावकारांनी घेतलेली जमीन हीच कारणे पुन्हा पुन्हा येतात, आणि त्या आलेल्यांत मराठी बोलणारे ठळक होते. तेलुगू भाषक मोठ्या संख्येने आले ते नंतर. पैनगंगेच्या दक्षिणेला ‘परप्रांतीय’ ही भूमिका आधी मराठी माणसाने वठवली आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब एकांगी होईल. गोंडांच्या शाळा आदिलाबादमधल्या मारलावाईच्या आसपास सुरू झाल्या तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली, कारण त्या भागात मराठीचा वावर होता. सेतुमाधवराव पगडी, ज्यांना महाराष्ट्र शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो, ते निजामाच्या सेवेत अधिकारी असताना आदिलाबादमध्ये गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांवर त्यांनी लिहिले आणि १९४९ मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. एकच मराठी भाषा पटवाऱ्याच्या हाती जमीन घेणारी होती आणि पगडींच्या हाती समजून घेणारी. म्हणजे दोष किंवा गुण भाषेत नव्हता; ती बोलणाऱ्याच्या हातात कोणता अधिकार होता आणि त्याने तो कसा वापरला, यावर सगळे ठरले.

यावर पहिला आक्षेप येईल तो १९५६ चा. राज्ये भाषेवरच आखली गेली ना? खरे आहे. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट, राजुरा आणि इस्लापूरचे मंडळ तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंसाचा भाग आंध्र प्रदेशात गेला. भाषा महत्त्वाची असल्याशिवाय एवढी अदलाबदल झाली नसती. पण भाषा महत्त्वाची का ठरली, हे विचारले की गाडी पुन्हा कागदावर येते. कोर्टाची भाषा, तलाठ्याच्या नोंदीची भाषा, शाळेच्या दाखल्याची आणि नोकरीच्या अर्जाची भाषा कोणती, हा प्रश्न होता. बाजारात तेलुगू आणि मराठी शतकानुशतके एकमेकींशी निभावून नेत होत्या. कचेरीत दोघींना एकत्र जागा नव्हती. ज्या गावात बहुसंख्य घरे गोंडी किंवा कोलामी बोलत होती, त्याची भाषा मराठी की तेलुगू हे ठरवताना त्या घरांच्या स्वतःच्या भाषेला पर्यायच नव्हता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

भाषाच मूळ असती तर एकभाषकांमध्ये ताण यायला नको होता. या परिसरातला सर्वांत तीव्र ताण एकभाषकांतच आला. हैदराबाद संस्थानात सरकारी नोकऱ्या स्थानिकांसाठी राखणारे मुल्की नियम होते. १९५२ मध्ये बाहेरून आलेल्या नोकरदारांविरुद्ध, ज्यांत किनारी आंध्रातले तेलुगू भाषकही होते, ‘गैरमुल्की परत जा’ अशी घोषणा हैदराबादेत उठली आणि गोळीबार झाला. १९६९ मध्ये वेगळ्या तेलंगणाचे आंदोलन पेटले. मागणी पूर्ण व्हायला २ जून २०१४ उजाडावा लागला. दोन्ही बाजूंची मातृभाषा तेलुगूच होती. इकडेही १९५३ चा नागपूर करार मराठीच्याच तीन भागांमध्ये करावा लागला, आणि विदर्भाचा अनुशेष हा शब्द आजही विधानसभेत जुना झालेला नाही. आपले पाणी, आपली नोकरी, आपला निधी बाहेरचा खातो ही भावना बाहेरच्याची भाषा तपासत बसत नाही.

कागद माणसे कशी हलवतो, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बंजारा-लंबाडा समाजाचे आहे. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत मोडतात. १९७६ च्या कायद्याने तेलंगणातले लंबाडा अनुसूचित जमातीत आले. भाषा तीच, तांडा तोच, नातीगोतीही बरीचशी तीच. नदीच्या अलीकडे एक दाखला आणि पलीकडे दुसरा. त्यानंतर महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे आदिलाबादकडे गेली. पलीकडच्या गोंडांना त्यात आपल्या जमिनीचा आणि राखीव जागांचा वाटेकरी दिसला. १९८१ च्या एप्रिलमध्ये इंद्रवेल्लीला गोंडांच्या सभेवर पोलिसांचा गोळीबार झाला तेव्हा जमिनीचाच प्रश्न होता. डिसेंबर २०१७ मध्ये आदिलाबादमध्ये गोंड आणि लंबाडा यांच्यात हिंसाचार झाला तेव्हा वाद दाखल्याचा होता. आणि २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन महाराष्ट्रातल्या बंजारांनी अनुसूचित जमातीची मागणी केली, तेव्हा निजामाच्या काळातला कागद पुन्हा एकदा जिवंत झाला. इथे दोन गरीब समाज एकमेकांसमोर उभे आहेत आणि भांडणाचा मजकूर तिसऱ्याने, केव्हातरी, दूरच्या कचेरीत लिहिला आहे.

मालाचे आणि मजुरीचेही तसेच. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारलाच विकायचा. बाहेर भाव चढला किंवा इकडे चुकारे रखडले की कापूस रातोरात सीमेपार जाई, आणि इकडचा हमीभाव वर असला की बाहेरचा कापूस आत येई. आदिलाबादचा बाजार जवळ होता आणि कापसाला भाषा नव्हती. काल ज्याला व्यापार म्हणत त्याला आज तस्करी म्हणू लागले, एवढाच फरक. मजुरांचा प्रवाह तर आता उलटा वाहतो. ज्या तेलंगणातून कामाठी मुंबईला आले, त्याच तेलंगणात गडचिरोली-चंद्रपूरकडचे मजूर दर उन्हाळ्याच्या तोंडावर मिरची तोडायला जातात. २०२० च्या टाळेबंदीत हे मजूर तिकडे अडकले, अनेकजण पायी निघाले, आणि एरवी कोणाच्या लक्षातही न येणारी राज्यांची सीमा अचानक नाक्यावरच्या पोलिसाच्या रूपाने उभी राहिली. परवानगीचा कागद असलेला पार झाला, नसलेला थांबला.

आता पूर्व युक्रेनमधल्या डोनबासकडे पाहावे. १८६९ मध्ये जॉन ह्यूज या वेल्समधल्या उद्योजकाने तिथे लोखंडाच्या कारखान्याचा पाया घातला आणि कोळशाभोवती युझोव्का शहर वाढले. तेच आजचे दोनेत्स्क. आसपासची खेडी बहुतांशी युक्रेनी शेतकऱ्यांची. खाणीत उतरायला मध्य रशियातल्या गरीब प्रांतांतून मजूर आले. शहर रशियन बोलू लागले, खेडे युक्रेनी राहिले. त्यावर १८७६ मध्ये झारने युक्रेनी भाषेतल्या छपाईवर घातलेली बंदी आणि १९३२-३३ चा, लाखो जीव घेणारा दुष्काळ यांचा थर चढला. तरीही १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात दोनेत्स्क आणि लुहान्स्क या दोन्ही प्रांतांत ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वतंत्र युक्रेनच्या बाजूने कौल दिला. खाण मजुरांच्या नातवंडांची भाषा रशियन होती, कौल युक्रेनचा होता. पुढची दोन दशके लाखो युक्रेनी रशियात बांधकामांवर आणि तेलक्षेत्रांत राबले; २०१४ नंतर तो ओघ पोलंडकडे वळला. आणि एप्रिल २०१९ मध्ये रशियाने दोनेत्स्क-लुहान्स्कच्या रहिवाशांना सोप्या रीतीने आपला पासपोर्ट देण्याचा हुकूम काढला. तीन वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, या ‘आपल्या’ माणसांच्या रक्षणाचे कारण पुढे करून फौजा आत शिरल्या. त्यांचा सामना खार्कीव्हसारख्या बहुतांशी रशियन बोलणाऱ्या शहरानेही केला.

तुलना ताणली जाते आहे, हा दुसरा आक्षेप इथे रास्त आहे. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच राज्यघटना आहे, एकच सर्वोच्च न्यायालय आहे. तिकडे दोन सार्वभौम राष्ट्रे आणि त्यांतले एक अण्वस्त्रधारी. कोणीही आदिलाबादवर रणगाडे पाठवणार नाही. पण आक्षेप माझ्या मुद्द्याला मोडत नाही, तो नेमका करतो. दोन्हीकडे कागदाने ताण निर्माण केला. एकीकडे तो वादात राहिला, दुसरीकडे युद्धात गेला. फरक कशाने पडला? चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातली परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी चौदा गावे याचे उत्तर सुचवतात. त्यांवर महाराष्ट्र आणि शेजारचे राज्य दोघेही हक्क सांगत आले. तिथले बरेच रहिवासी मराठवाड्यातून दुष्काळाने हुसकून डोंगरावर आलेले. त्यांच्याकडे दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रे, दोन्ही राज्यांच्या शाळा. एका घराच्या चार खोल्या महाराष्ट्रात आणि चार तेलंगणात असल्याची बातमी २०२२ मध्ये देशभर फिरली. वाचणाऱ्यांना ती गंमत वाटली. पण कसत्या जमिनीचा पट्टा हाती नसणे ही तिथली खरी तक्रार आहे. दोन सरकारे हजर असताना एकही हक्काचा कागद नाही. तरीही तिथे शांतता आहे, कारण ती दोन कार्डे रहिवासी स्वतःच्या गरजेसाठी वापरतो. दुसरे कार्ड दिले म्हणून हा माणूस आणि त्याच्या पायाखालची जमीन आपली झाली, असे म्हणत कोणी सैन्य पाठवत नाही. डोनबासमध्ये पासपोर्ट घेणाऱ्याने तो पेन्शनसाठी घेतला की प्रवासासाठी, याने काही फरक पडला नाही. देणाऱ्याने तो दाव्यासाठी दिला होता.

नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादच्या परिसरातली गावे २०१८ च्या सुमारास तेलंगणात जाण्याची मागणी करू लागली, तेव्हा हाच भेद पुन्हा दिसला. त्यांना तेलंगणातली वीज आणि शेतकऱ्याच्या खात्यात थेट येणारी रक्कम हवी होती. ती मराठी गावे तेलुगू अस्मितेने भारावलेली नव्हती. मुंबईत काहींनी त्याला फितुरी म्हटले. खरे तर तो तक्रारीचा अर्ज होता, आणि तो करता येतो हेच सुदैव. २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणा यांनी पैनगंगेवरच्या चनाखा-कोराटा बंधाऱ्यासह पाण्याचे करार केले. नदीवर रेघ ओढणारा १८५३ चा कागद कर्जाचा होता. हा वाटणीचा होता, आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचा होता.

मुकुटबनकडे परत येताना मात्र समाधान मानता येत नाही. झरी-जामणी तालुक्यातला कुमारी मातांचा प्रश्न दोन दशकांहून अधिक काळ वृत्तपत्रांत येतो आहे. कोलाम आणि इतर आदिवासी मुलींना फसवून सोडून देणाऱ्यांत बाहेरून आलेले ठेकेदार आणि व्यापारी होते. त्यांची ओळख सांगताना ‘आंध्रातला’ हा शब्द सोयीचा ठरला, कारण मग दोष नदीपलीकडे ढकलता येतो. पण फसवणूक शक्य झाली ती मजुरी देणारा आणि मजुरी मागणारी यांच्यातल्या दरीमुळे, आणि त्या दरीच्या वरच्या काठावर मराठी बोलणारेही उभे आहेत. आता गावात सिमेंटचा मोठा कारखाना आला आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या क्षमतेचा आकडा वर्षाला ३९ लाख टन आहे. कोळशाचे पट्टेही जवळच आहेत. युझोव्कालाही कोळसा आणि लोखंडच होते. ‘स्थानिकांना काम द्या’ ही घोषणा इथे उठणारच आणि ती न्याय्यही आहे. फक्त स्थानिक कोण, हे ठरवताना मराठी आणि तेलुगू यांच्या तक्त्यापुरते थांबू नये.

कारण या पट्ट्यात एक समाज असा आहे, ज्याला नदीच्या दोन्ही बाजूंना सरकारने जवळपास एकच कागद दिला आहे. कोलाम महाराष्ट्रातही विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणून नोंदलेला आहे आणि तेलंगणातही. त्याला दाखल्यासाठी सीमा ओलांडावी लागत नाही, त्याच्यावर कोणतेही राज्य दावा सांगत नाही, त्याच्यासाठी कोणी आंदोलन पेटवत नाही. मराठी आणि तेलुगू शेजाऱ्यांच्या सगळ्या वादाचा हिशेब त्याच्या पोडावर जाऊन तपासावा. १८५३, १९०२, १९५६ आणि २०१४ या चारही वर्षी नदीच्या एका ना एका काठावर वरची व्यवस्था बदलली. त्याच्या नावाचा सातबारा मात्र यांतल्या एकाही बदलाने लिहिला गेला नाही.